कच्ची वही, पक्की वही

जून जवळ आला की अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील बाजारपेठांत शाळाप्रवेशाची चर्चा सुरू होते. नगरचा कापड बाजार असो, संगमनेर-श्रीरामपूरची पेठ असो, की पाथर्डी-शेवगावकडची आडतीची दुकाने असोत. पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. दहावीचा निकाल किती टक्के लागला, बस कोठवर येते, संगणककक्ष आहे की नाही, शिकवणी वेगळी लावावी लागेल काय. या शाळेत मुले वर्षभरात स्वतःच्या मनाने किती लिहितात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर बहुतेक शाळांना उत्तर देणे अवघड जाईल. मुले लिहितात पुष्कळ. पाच-सहा विषयांच्या वह्या दरवर्षी भरतात, त्यांना तपकिरी कव्हरे लागतात, त्यांवर शिक्षकांच्या लाल सह्या होतात. परंतु त्यांतील मजकूर फळ्यावरचा असतो किंवा मार्गदर्शकातला असतो. संपूर्ण वही चाळली तरी मुलाचे म्हणता येईल असे एक वाक्य सापडणे कठीण.

व्यापारी कुटुंबांना या प्रश्नाचे महत्त्व पटवून देण्याची खरे तर गरज पडू नये. लेखनावर ज्यांचा व्यवहार उभा राहिला, अशा समाजांपैकी हा एक समाज आहे. शाळा गावोगावी पोहोचण्यापूर्वी मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की पेढीवर मुनीमजींच्या शेजारी बसे आणि मोडीत वा महाजनीत अक्षर वळवू लागे. रोकड, कीर्द, खतावणी हे त्याचे इयत्तावार अभ्यासक्रम. हुंडीचा मजकूर हा तर काटेकोर लेखनाचा उत्तम नमुना होता. कोणत्या गावाहून, कोणत्या पेढीवर, कोणाच्या नावे, कोणत्या मितीला, हे सारे त्यात ठरल्या क्रमाने येई. रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, तिचे निमे किती ते लिहीत आणि त्या निम्म्याच्या दुपटीने पैसे द्यावेत असेही लिहीत. उद्देश एवढाच, की वाटेत कोणी आकड्यापुढे शून्य वाढवले तरी लबाडी उघडी पडावी. शेकडो कोसांवर बसलेला, कधी न पाहिलेला माणूस त्या कागदावर विश्वास ठेवून रोख रक्कम मोजून देत असे. लिहिणाऱ्याला आपला वाचक कोण, त्याला कोणती शंका येईल आणि तिचे निरसन कोणत्या शब्दांनी होईल, याचे भान असल्याशिवाय असा मजकूर होत नाही. आजच्या शाळेतील निबंधाच्या वहीत नेमके हेच भान आढळत नाही.

आणखी एक गोष्ट त्या पेढीवर होती. कच्ची वही वेगळी आणि पक्की वही वेगळी. दिवसभराच्या घाईत व्यवहार घडेल तसा कच्च्या वहीत टिपला जाई. तेथे अक्षर वाकडे आले, एखादी ओळ खोडली, बाजूला खूण केली, तरी कोणी रागावत नसे. संध्याकाळी दिवा लागल्यावर त्याच नोंदी पडताळून, जुळवून, स्वच्छ अक्षरात पक्क्या वहीत उतरवल्या जात. पक्क्या वहीत मात्र खाडाखोड चालत नसे. शाळेने मुलाच्या हातात नेमकी उलटी व्यवस्था दिली आहे. त्याच्याकडे कच्ची वही नाहीच. पहिले अक्षर लिहिले तेच शेवटचे, आणि त्यावर लगेच लाल शाई. अशा भीतीत वाढलेल्या मुलाने मार्गदर्शकातील तयार परिच्छेदाचा आसरा घेतला, तर दोष त्या मुलाला देता येणार नाही.

विद्यार्थ्याच्या लेखनाची ताकद किती असू शकते, याचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण नगरच्या इतिहासाशी जोडलेले आहे. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक जून १८४२ मध्ये नगर येथे सुरू केले. पुढे ते मुंबईला गेले. याच नगरात मिस सिंथिया फॅरार यांनी १८३९ पासून मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते फॅरारबाईंकडे, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्यानंतर काही वर्षांनी, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या ‘ज्ञानोदया’च्या अंकांत, पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध दोन भागांत छापून आला. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. मुक्ताचे वय तेव्हा चौदा-पंधरा. धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार ज्यांना नाही, त्यांचा धर्म नेमका कोणता मानावा, असा बिनतोड सवाल त्या मुलीने केला. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या आपल्या समाजातील स्त्रियांचे हाल तिने लिहिले. आज हा निबंध दलित साहित्याच्या आणि स्त्रीलेखनाच्या इतिहासात आरंभस्थानी ठेवला जातो. परंतु तो मुळात शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध आहे, ही गोष्ट शिक्षणाच्या चर्चेत फारशी कोणी काढत नाही.

हा निबंध कसा शक्य झाला, याचा विचार शाळाचालकांनी जरूर करावा. मुक्ताची बुद्धी असामान्य असणार, यात शंका नाही. तरीही पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या शाळेत काही गोष्टी होत्या, ज्या आजच्या सुसज्ज इमारतींत हरवल्या आहेत. मुलीला तिच्याच जगण्यातला विषय मिळाला होता. पावसाळ्याचे वर्णन किंवा फुलाचे आत्मकथन तिच्या वाट्याला आले नाही. लिहिलेले वाचणारा खरा वाचक होता. शिक्षकांच्या पलीकडचा, छापील अंकाचा वर्गणीदार. आणि शिक्षक असे होते, की एका मुलीने धर्मव्यवस्थेलाच प्रश्न विचारला म्हणून त्यांनी तो कागद बाजूला सारला नाही. यातील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. खरे लेखन मागितले की खरे उत्तर येण्याचा धोका असतोच, आणि तो पत्करण्याची तयारी व्यवस्थापनाने आधी ठरवून ठेवावी लागते.

आता आजच्या परीक्षेकडे वळू. परीक्षामंडळाला दोष देऊन मोकळे होण्याची एक सोपी प्रथा आहे. पण या बाबतीत मंडळाने दार बरेच उघडले आहे. दहावीच्या मराठी प्रथम भाषेची प्रश्नपत्रिका आता कृतिपत्रिका झाली आहे. तिच्या ८० गुणांपैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र किंवा सारांश, जाहिरात, बातमी, कथा, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन वा वैचारिक लेखन असे त्याचे स्वरूप. गद्य-पद्य विभागांतही स्वमत मांडण्याचे प्रश्न आहेत. २०१९ मध्ये भाषाविषयांची तोंडी परीक्षेची २० गुणांची सवलत निघाली, तेव्हा राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. मोठा गहजब झाला आणि अंतर्गत गुण परत आले. त्या गडबडीत घसरणीचा अर्थ मात्र बाजूलाच राहिला. शाळेने हाताशी ठेवलेले वीस गुण काढून घेताच, केवळ स्वतःच्या लेखणीवर किती मुले उभी राहू शकतात, ते त्या वर्षी दिसले होते.

उत्तर म्हणून बाजारात लगेच काय आले? जाहिरातीचे नमुने, बातमीचे नमुने, आणि ‘स्वमता’चेही तयार नमुने. मुलाचे स्वतःचे मत पाठांतरासाठी छापून विकले जाते आणि घराघरांत ते विकत घेतले जाते, याहून मोठी विसंगती शोधून सापडणार नाही. आता तर त्या पुस्तकाचीही आवश्यकता उरलेली नाही. भ्रमणध्वनीवर विषय सांगितला की अर्ध्या मिनिटात दोनशे शब्दांचा निर्दोष निबंध तयार होतो. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नसते, आणि त्या मुलाच्या घराचा, गल्लीचा, दुकानाचा मागमूसही नसतो.

यावर एखाद्या उत्साही शिक्षकाची निबंधस्पर्धा पुरेशी नाही. उत्साही शिक्षक प्रत्येक शाळेत एखाद-दुसरा असतोच. त्याची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की सारे थांबते. म्हणूनच लेखन हे शाळेचे धोरण झाले पाहिजे, हा विचार जगात अन्यत्र पन्नास वर्षांपूर्वी मांडला गेला. ब्रिटनमध्ये इतिहासकार अॅलन बुलक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली भाषाशिक्षणावर जो अहवाल दिला, त्याची एक ठळक शिफारस अशी होती की, प्रत्येक शाळेचे सर्व विषयांना व्यापणारे भाषाधोरण असावे आणि भाषेची जबाबदारी प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने उचलावी. त्याच सुमारास लंडनमध्ये जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्ट शाळांतील दोन हजारांवर लेखननमुने तपासले. त्यांपैकी जवळजवळ निम्मे लेखन एकाच वाचकासाठी झाले होते, आणि तो वाचक म्हणजे परीक्षकाच्या भूमिकेतील शिक्षक. मुलाने लिहायचे ते अशा माणसासाठी, ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे आणि जो फक्त चूक शोधण्यासाठी वाचतो. ही गोष्ट इंग्लंडची. पण जिल्ह्यातील कोणत्याही शाळेतील वह्यांचा गठ्ठा समोर घेतला तरी चित्र निराळे दिसणार नाही.

महाराष्ट्रातही या दिशेने काम झालेले आहे. सातारा जिल्ह्यात, फलटणला, अमेरिकेतून येऊन भारताचे नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. तिची कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा १९८६ साली सुरू झाली. बर्नसनबाईंनी फलटणच्या बोलींचाच अभ्यास केला होता. त्यामुळे मूल घरून जी भाषा घेऊन येते ती अशुद्ध नव्हे, तर त्याची पहिली शिदोरी होय, ही जाणीव त्या कामाच्या मुळाशी राहिली. सारी बाराखडी संपेपर्यंत मुलाला ताटकळत न ठेवता, थोडी अक्षरे हाती येताच अर्थपूर्ण शब्द आणि वाक्ये वाचायची-लिहायची, ही त्यांची पद्धत. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील यांनी १९८५ पासून अनुभवाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले. त्याही आधी, १९२० च्या दशकात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढीत. मुले सकाळी उठून ते वाचीत. तेथे छापखाना नव्हता आणि अनुदानही नव्हते. होती ती रोज लिहिणाऱ्या एका शिक्षकाची सवय. ज्या शाळेतील शिक्षक स्वतः काही लिहीत नाहीत, तेथे मुले लिहितील ही अपेक्षा व्यर्थ होय.

मग जिल्ह्यातील एखाद्या मध्यम शाळेने हे धोरण कसे करावे? येथे पेढीची ती जुनी व्यवस्था कामास येते. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक मुलाच्या दोन वह्या. कच्च्या वहीत आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे, वर्गातच लिहायचे. घरचा अभ्यास म्हणून नव्हे. घरी नेले की मोठ्या बहिणीचे अक्षर येते किंवा यंत्राचे शब्द येतात. कच्च्या वहीला गुण नाहीत, लाल शाई नाही, शुद्धलेखनाची तपासणी नाही. महिन्याच्या अखेरीस त्या आठ-नऊ मजकुरांतून मुलाने स्वतः एक निवडायचा, शेजाऱ्याला वाचून दाखवायचा, त्याला जे कळले नाही ते सुधारायचे, आणि मग पक्क्या वहीत उतरवायचे. वर्षाचे दहा लेख. सहा वर्षांचे साठ. साठ वेळा स्वतःचे लेखन पुसून, जुळवून, स्वच्छ करून ठेवलेल्या मुलाला दहावीच्या कृतिपत्रिकेतील पत्राची भीती बाळगण्याचे कारण राहत नाही.

शिक्षकांची पहिली हरकत तपासणीची असते, आणि ती रास्त आहे. एका वर्गात ६० मुले, प्रत्येक वहीला ५ मिनिटे, म्हणजे ३०० मिनिटे. एका वर्गाचे पाच तास. भाषाशिक्षकाकडे असे चार वर्ग असले तर २४० वह्या आणि वीस तास. हे दर आठवड्याला कोणाकडूनही होणार नाही, आणि झाले तर ते केवळ सही मारण्यापुरते होईल. परंतु तपासायची आहे ती पक्की वही, तीही महिन्यातून एकदा. कामाचे दिवस २४ धरले तर रोज १० वह्या, म्हणजे ५० मिनिटे. एवढा वेळ वेळापत्रकात शिक्षकाला मोकळा मिळालाच पाहिजे, आणि धोरणातील हे कलम मुख्याध्यापकांच्या नव्हे, तर व्यवस्थापनाच्या सहीने यायला हवे. शिक्षकांवर जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे असा भार असतानाच त्यांच्या दिवसातून आणखी पन्नास मिनिटे काढणे हा अन्याय ठरेल. त्या पन्नास मिनिटांची किंमत संस्थेने द्यायची आहे. गरज पडली तर अर्धवेळ शिक्षक नेमून द्यायची आहे. लेखनधोरण बहुधा येथेच कोसळते. कागदावर ठराव होतो आणि वेळापत्रक जसेच्या तसे राहते.

शुद्धलेखनाचे काय, हा प्रश्न ज्येष्ठ शिक्षक लगेच विचारतात. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम मुलांना आले पाहिजेत, यात वाद नाही. वाद आहे तो केव्हा आणि कोठे, याचा. कच्च्या वहीत ते आड येऊ नयेत. पक्क्या वहीत मात्र ढिलाई नको. तिथेही एका वेळी एकच नियम घ्यावा. या महिन्यात सर्व वर्गाने अनुस्वार पाहावेत, पुढल्या महिन्यात शब्दाच्या शेवटचा दीर्घ इकार. एकाच पानावर पंचवीस लाल खुणा पाहून कोणतेही मूल पंचवीस गोष्टी शिकत नाही. ते वही मिटून ठेवायला शिकते. घरी मारवाडी वा गुजराती बोलणाऱ्या मुलाची वाक्यरचना निराळी येईल, अकोल्याच्या डोंगरातील ठाकर मुलाची आणखी निराळी. त्याने जे सांगितले आहे ते आधी वाचावे. वाक्य नंतर बसवावे.

मराठीच्या तासापुरते हे धोरण राहिले तर ते अर्धेच राहील. विज्ञानाच्या प्रयोगवहीत ‘साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष’ हे चार मथळे असतात आणि चारही फळ्यावरून उतरवले जातात. त्याऐवजी प्रयोग फसला तर का फसला, हे पाच ओळींत लिहिणे अधिक शास्त्रीय होय. नगरपासून जवळच हिवरे बाजार आहे. तेथे दरवर्षी पाऊस मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. पाण्याचा ताळेबंद ही कल्पना व्यापाऱ्याच्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक शाळेने अंगणात एक पर्जन्यमापक ठेवावा, मुलांनी पावसाळाभर रोजची नोंद करावी आणि सप्टेंबरअखेर त्या आकड्यांवरून गावाला उद्देशून एक पान लिहावे. यात गणित आहे, भूगोल आहे, मराठीही आहे. असे पान ग्रामसभेत वाचले गेले, तर मुलाला परीक्षकाहून वेगळा वाचक मिळतो.

विषयांची वाण या जिल्ह्यात तर पडायलाच नको. घोडेगावच्या कांद्याच्या लिलावात भाव कसा पुकारतात? आडतेबाजारातील हमालाच्या दिवसाची सुरुवात किती वाजता होते? आजोबांनी दुकानाची पहिली पाटी कोणाकडून रंगवून घेतली? दुकानात रोज जाणाऱ्या मुलाला या गोष्टी ठाऊक असतात, पण त्या ‘निबंधाचा विषय’ होऊ शकतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आणि त्याच वर्गातील दुसऱ्या बाकावर जो मुलगा बसतो, त्याचेही लेखन आहे. पाथर्डी-शेवगाव हा ऊसतोड कामगारांचा पट्टा. दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाडे गाडीत घालून कुटुंबे साखर कारखान्यांच्या गाळपाला निघतात, ती पाडव्याच्या आसपास परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, आणि काही आईबापांबरोबर फडात जातात. परतलेल्या मुलाला शाळा विचारते, ‘कोणते धडे बुडाले?’ तो सहा महिने काय पाहून आला, हे कोणी विचारीत नाही. उसाच्या फडातली पहाट, कोपीतला मुक्काम, उचल, कोयता हे शब्द ज्याला आतून माहीत आहेत, त्याला वर्गात ‘माझी सहल’ लिहायला बसवतात आणि ते लिहिता आले नाही म्हणून कच्चा ठरवतात. व्यापाऱ्याचा मुलगा आणि ऊसतोड कामगाराचा मुलगा एकमेकांच्या कच्च्या वह्या वाचतील, तर त्या दोघांना जे कळेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. या जिल्ह्यातील कित्येक संस्थांच्या स्थापनेमागे व्यापारी समाजाचा पैसा आणि कष्ट आहेत. पाथर्डीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात श्री तिलोक जैन विद्यालय उभे राहिले, त्याच गावातून धार्मिक परीक्षा बोर्डाच्या प्रश्नपत्रिका दूरदूरच्या केंद्रांवर जाऊ लागल्या. लेखी परीक्षेची शिस्त या भूमीत रुजवणाऱ्या समाजाला लेखनाचे स्वातंत्र्यही रुजवता येईल.

घरातूनही थोडा हातभार लागला पाहिजे, तो अभ्यास घेऊन नव्हे. पर्युषणानंतर क्षमापनेची पत्रे पूर्वी घरोघरी हाताने लिहीत. नावनिशी, आठवणीनिशी लिहीत. नंतर ती छापील झाली, आणि आता एकच संदेश एका दाबात अडीचशे जणांना जातो. कोणत्या चुकीबद्दल क्षमा मागितली, हे पाठवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळते. घरातील प्रत्येक मुलाला पाच पोस्टकार्डे द्यावीत आणि पाच माणसांची नावे त्यालाच ठरवू द्यावीत. भावाच्या नावाचे कार्ड त्याच घरात येईल, त्याची गंमत वेगळीच. शाळेने सांगितलेले लेखन आणि आयुष्यातले लेखन यांतील अंतर अशाने थोडे कमी होते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आज व्यापारी घरांतील बहुसंख्य मुले तेथेच आहेत, आणि हे धोरण त्यांना लागू नाही असा समज होऊ नये. उलट गरज तेथे अधिक आहे. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, वर्गात तिसरी. अशा मुलाला तिन्हींत बोलता येते आणि एकीतही पानभर लिहिता येत नाही, ही तक्रार आता दुकानाच्या गल्ल्यावर ऐकू येते. बँकेला पाठवायचे तक्रारीचे पत्र, कर विभागाच्या नोटिशीला द्यायचे उत्तर, भागीदारीतील मतभेदाचा खुलासा, यांसाठी पदवीधर मुलगा वकिलाकडे किंवा सनदी लेखापालाकडे धावतो. कायद्याचा भाग त्यांनी पाहावा हे ठीक. पण घडले काय, एवढे तरी त्याला स्वतः लिहिता यावे. कच्ची वही कोणत्याही भाषेत चालेल. पक्क्या वहीत वर्षातून किमान चार लेख मराठीत असावेत, एवढी अट इंग्रजी माध्यमाच्या शाळेने घालावी.

खर्चाचा अंदाज अगदी किरकोळ आहे. प्रत्येक मुलामागे शंभर पानी दोन वह्या, प्रत्येक वर्गात ‘किशोर’सारख्या मासिकाचे अंक, वर्षाअखेरीस प्रत्येक इयत्तेचे एक हस्तलिखित, त्याला पुठ्ठ्याची बांधणी. एका स्नेहसंमेलनातील मंडपाचा खर्च याहून जास्त होतो. संमेलनात हस्तलिखिताचे प्रकाशन करून ते काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्याची पद्धत मात्र बंद करावी. ते ग्रंथालयात टेबलावर असावे, हाताळून फाटले तर फाटू द्यावे.

धोरणाचा मसुदा दोन पानांहून मोठा नसावा. त्यात वेळापत्रकातील तास, तपासणीसाठी शिक्षकाला मिळणारी पन्नास मिनिटे, कोणत्या विषयात वर्षाला किती पाने, शुद्धलेखनाचा महिनावार क्रम, आणि एक कलम असे, की कच्च्या वहीत लिहिलेल्या मजकुराबद्दल कोणत्याही विद्यार्थ्याला शिक्षा होणार नाही व ती वही त्याच्या परवानगीवाचून पालकांनाही दाखवली जाणार नाही. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उद्भवला तर मुख्याध्यापकांनी लक्ष घालावे, एवढाच अपवाद. पालकांना हे कलम खटकेल. संचालक मंडळाच्या बैठकीत त्यावरच सर्वाधिक चर्चा होईल, आणि ती व्हावी.

शाळा जूनच्या मध्याला उघडते. व्यवस्थापनाची बैठक त्याआधी होते आणि तिच्यात बहुधा रंगकाम, गणवेश आणि बसचे भाडे हे विषय असतात. त्यांच्या खाली एक ओळ वाढवून घ्यायला सचिवांची हरकत नसावी. दहावीनंतर मुलाला शाळा सोडल्याचा दाखला देताना त्याच्या सहा वर्षांच्या पक्क्या वह्याही बांधून द्याव्यात. कच्च्या वह्या तर मुलाजवळच राहतील. त्यांचे काय करायचे ते त्याचे तो ठरवील.